पात्र, अपात्र आणि तुळजापूरचा अहवाल

तुळजापूरला देवीच्या दर्शनाला येणारी माणसं आपसिंगा रस्त्याला सहसा वळत नाहीत. त्या रस्त्यावर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर आहे. १५ मार्च २००५ रोजी या परिसराने तयार केलेला एक अहवाल मुंबई उच्च न्यायालयाला सादर झाला. शेतकरी आत्महत्यांवरच्या एका जनहित याचिकेत न्यायालयाने संस्थेवर काम सोपवलं होतं : महाराष्ट्रातले शेतकरी जीव का देत आहेत, ते शोधून सांगा. अजय दांडेकर आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले, मागे राहिलेल्यांशी बोलले. मार्च २००१ ते डिसेंबर २००४ या पावणेचार वर्षांत राज्याच्या तीन विभागांत ६४४ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद अहवालात आहे.

न्यायालयाने विचारलेला प्रश्न मानसशास्त्राला जन्मापासून चिकटलेला आहे. माणूस असा का वागला, याचं उत्तर शोधायच्या दोन वाटा. पहिली वाट सांगते, वागणुकीचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याचं कारण शोधा, आणि ते कारण जितकं लहान आणि मोजता येण्याजोगं असेल तितकं ते खरं. मेंदूतलं रसायन, अनुवंश, एखादी सवय, एखादं कर्ज. हा न्यूनीकरणवाद. दुसरी वाट म्हणते, तुकडे पाडलेत की माणूस हातून गेलाच; तो घर, गाव, जात, पाऊस, बाजार या सगळ्यांसकट समजून घ्यावा लागतो. हा समग्रतावाद. १८७९ मध्ये लाइपझिगला विल्हेल्म वुंटने प्रयोगशाळा काढली आणि अनुभवाचे घटक वेगळे करायला घेतले. १९१२ मध्ये मॅक्स वर्टहायमरने दाखवलं की माणसाला आधी अख्खी आकृतीच दिसते, घटक नंतर. हा वाद जर्मन प्राध्यापकांत चालला होता तोवर त्याने कुणाच्या घरात चूल पेटली नाही की विझली नाही. आपल्याकडे मात्र तो पंचनाम्यापर्यंत आणि धनादेशापर्यंत येऊन पोचला.

त्याची सुरुवात अहवालाच्या बारा वर्षं आधीची.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती पोचवून लोक उशिरा झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. उस्मानाबादच्या बाजूला सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावं भुईसपाट झाली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरंच अंगावर आली. पुढे कितीतरी महिने माणसं छपराखाली झोपायला तयार नव्हती. पत्र्याच्या शेडमध्येही लेकरांना दाराशी झोपवायची.

मागोमाग मनाचे डॉक्टर आले, आणि ही गोष्ट मराठवाड्याला नवी होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भूकंपाच्या मानसिक परिणामांवर खास संशोधन केंद्र उभारलं. त्याची धुरा पुण्याच्या डॉ. मोहन आगाशे यांच्याकडे होती. नाटक-सिनेमातले आगाशे सगळ्यांना ठाऊक आहेत; मानसोपचारतज्ज्ञ आगाशे कमी जणांना. दिल्लीच्या एका चमूनेही भूकंपग्रस्त खेड्यात जाऊन लोकांना तपासलं. १९९६ मध्ये अमेरिकन मानसोपचाराच्या नामांकित नियतकालिकात त्यांचा छोटासा निबंध आला. तपासलेल्यांपैकी ५९ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं निदान त्यात होतं. सर्वांत जास्त आढळले ते आघातोत्तर तणाव आणि तीव्र नैराश्य. आघातोत्तर तणावाचं निदान अमेरिकी मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये दाखल झालं होतं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे अनुभव समोर ठेवून. तेरा वर्षांनी ते भूकंपाच्या गावांना लागू पडलं.

यात हसण्यासारखं काही नाही. निदान झालं म्हणून एखाद्या बाईला झोपेची गोळी मिळाली, कुणीतरी तासभर बसून तिचं ऐकलं. निदान नसतं तर ‘दुःख काय, सगळ्यांनाच आहे’ एवढंच तिच्या वाट्याला आलं असतं. पण निदान एकेका माणसाचं होतं, आणि मोडलं होतं गाव.

जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं. ५२ गावं नव्या जागी, आखीव चौकटींत, रुंद रस्त्यांची बसवली गेली. घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. घरं पक्की होती, पुन्हा पडणार नव्हती. पण जुन्या गावात भावकीची घरं एकमेकांना टेकून होती, अंगणातून अंगणात हाक जायची, म्हातारीला कुणाच्या ओट्यावर बसायचं हे ठरलेलं होतं. नव्या गावात २५० वाल्यांची रांग वेगळी आणि ७५० वाल्यांची वेगळी. ओटे राहिले नाहीत आणि शेत लांब पडलं ते वेगळंच.

असंच दुसरीकडेही घडून गेलं होतं, आणि ते लिहिलंही गेलं होतं. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात खाणीचा बांध फुटून बफेलो क्रीकच्या खोऱ्यातली १२५ माणसं वाहून गेली. वाचलेल्यांना चाकांच्या घरांच्या छावण्यांत ठेवलं, कोण कुणाचा शेजारी होता हे न पाहता. समाजशास्त्रज्ञ काय एरिक्सनने १९७६ च्या पुस्तकात मांडलं की एकेका माणसाला बसलेला धक्का ही एक जखम आणि वस्तीचे धागे तुटणं ही दुसरी. दुसरी जखम सावकाश चढते आणि तिच्यावर औषध देणारा डॉक्टर नसतो. मला वाटतं, सास्तूर-राजेगावच्या पट्ट्यात पहिली जखम मोजली गेली. दुसरी मोजायला लागणारी पट्टी कुणी सोबत आणलीच नव्हती.

भूकंप एका रात्रीत आला म्हणून सगळ्यांना दिसला. पुढचं संकट सावकाश आलं. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्र यांनी काढलेला आकडा असा : १९९५ मध्ये महाराष्ट्रातल्या लाख पुरुष शेतकऱ्यांमागे १५ आत्महत्या होत होत्या, २००४ मध्ये ५७. दहा वर्षांत जवळपास चौपट. एवढ्या थोड्या काळात कुठल्याही प्रांतातल्या लोकांचा मेंदू किंवा अनुवंश बदलत नाही. आत्महत्या हा ज्याच्या त्याच्या मनाचा मामला, असं म्हणणाऱ्यांना या दोन आकड्यांपुढे थांबावं लागतं. एमिल द्युर्केमने १८९७ मध्ये हाच मुद्दा युरोपचे तक्ते मांडून सांगितला होता : दर समाजाचा असतो, आणि समाजाची वीण सैल झाली की तो चढतो. पण द्युर्केमच्या अडचणीही आपल्या वाट्याला आल्या. आत्महत्येची नोंद करणारा कुणी अधिकारी असतो आणि त्या अधिकाऱ्यासमोर एक छापील नमुना असतो.

महाराष्ट्रात तो नमुना १९ डिसेंबर २००५ च्या शासन निर्णयाने पक्का केला. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर वारसांना एक लाख रुपये. ३० हजार रोख, ७० हजार ठेवीत. त्यासाठी तीन गोष्टी जुळायला हव्यात : नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा. कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी बँकेचं वा सोसायटीचं, नाहीतर परवानाधारक सावकाराचं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण तपासते आणि शेरा मारते : पात्र किंवा अपात्र.

ही फाईल पाहिलीत तर तिच्यात काय असतं? पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, आठ-अ, बँकेचा थकबाकीचा दाखला, वारसांचे जबाब. प्रत्येक कागद खरा असतो. पण मेव्हण्याकडून उसने घेतलेले पैसे कागदावर नसतात. गावातला विनापरवाना सावकार दाखला देत नाही. कृषी सेवा केंद्राच्या वहीतली खताची उधारी बँकेच्या कर्जात बसत नाही. बटईने दुसऱ्याचं रान करणाऱ्याच्या नावाला सातबाराच नसतो, म्हणून तो मेल्यावर शेतकरी ठरत नाही. दुखणं, घरातलं भांडण, दारू, लेकीचं मोडलेलं लग्न या गोष्टी फाईलमध्ये आल्या तर प्रकरण अपात्रतेकडे सरकतं.

मग घरच्यांनी त्या बोलायच्या कशाला? तलाठी दारात उभा आहे, मयताचा तेरावाही झालेला नाही, आणि ‘तसा त्यांना डोक्याचा त्रास होता’ असं एक वाक्य निघालं तर लाख रुपये जाणार. म्हणून जबाबात कर्ज आणि नापिकी एवढंच उरतं. उलट बाजूने, प्रकरण उडवायचं असलं की ‘व्यसनी होता’ एवढा शेरा पुरतो. विधिमंडळाच्या सभागृहातही वाद याच दोन शब्दांत व्हायचा : एक बाक म्हणायचा कर्ज, दुसरा म्हणायचा दारू. दोघेही एकच कारण शोधत होते. दारू का वाढली, हे ‘दारू’ म्हणणाऱ्याने विचारलं नाही. आणि तेवढंच कर्ज डोक्यावर असलेला शेजारी जिवंत का आहे, हे ‘कर्ज’ म्हणणाऱ्याने विचारलं नाही.

तुळजापूरच्या अहवालाने हा शेवटचा प्रश्न विचारला होता, तोही हा शासन निर्णय निघण्याच्या नऊ महिने आधी. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा. वारंवार बुडणारं पीक, न झेपणारा लागवडीचा खर्च आणि कर्ज यांतून शेतकऱ्याला कोंडीत धरणारी परिस्थिती तयार होते. मात्र या परिस्थितीत सापडलेले सगळे शेतकरी जीव देत नाहीत. मदतीच्या सगळ्या वाटा संपल्या असं ज्यांना वाटलं, ते देतात.

निष्कर्षाची शेवटची दोन वाक्यं मला तुळजापूरच्या या उस्मानाबाद जिल्ह्यात लिहिल्या गेलेल्या मानसशास्त्रातली सर्वांत चांगली वाटतात, आणि ती लिहिणाऱ्या संस्थेच्या नावात मानसशास्त्र नाही. ‘वाटा’ बाहेरच्या आहेत : सोसायटी, बँक, भाऊ, सोयरे, सावकार, रोजगार हमी, गावातली पत. ‘संपल्या असं वाटणं’ मात्र आतलं आहे, ते एका माणसाच्या मनात घडतं. बाहेरचं आणि आतलं एकत्र धरल्याशिवाय ही वाक्यं लिहिताच येत नाहीत. आणि ती मोघम नाहीत, कारण त्यांच्या आधारे काहीतरी तपासता येतं. गावात जाऊन विचारा : या माणसाला शेवटचं ‘नाही’ कोण म्हणालं? त्याआधीचं?

मिश्र यांचा अहवाल २००६ च्या जानेवारीत आला. त्यांनी वर्धा, वाशिम आणि यवतमाळ जिल्ह्यांत आत्महत्या झालेली १११ घरं घेतली आणि तुलनेला आत्महत्या न झालेली १०६. ही पद्धत तुकडे पाडण्याचीच आहे. एकेक जोखीम वेगळी काढायची आणि किती घरांत ती होती हे मोजायचं. कर्ज ८७ टक्के घरांत. आर्थिक घसरण ७४. घरातला कलह ५५. पीक बुडणं ४१. गावातली पत घसरणं ३६. मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाचा भार ३४. यादी पुढेही जाते. जवळच्या गावात कुणी आत्महत्या केलेली असणं ही जोखीमसुद्धा तीत आहे. आता फक्त या सहा आकड्यांची बेरीज करा : ३२७. म्हणजे दर घरामागे या सहांपैकीच तीनाहून जास्त गोष्टी एका वेळी होत्या. घटक मोजायला बसलेल्याच्या कागदावरच घटक एकमेकांत गुंतलेले निघाले. एका खुणेचे रकाने असलेल्या सरकारी नमुन्यात ही बेरीज कधीच मावली नसती.

तुलनेतून आणखी एक बारीक गोष्ट वर आली. आत्महत्या झालेल्या घरांवर कर्ज जास्त होतंच, शिवाय त्यांच्याकडे बैल कमी होते. बैल असले की पेरणी वेळेत होते, दुसऱ्याच्या रानात औत धरून चार पैसे येतात, अडीनडीला विकताही येतात. शिवाय दावणीला जोडी असलेल्या माणसाला गावात मान असतो. हे सगळं ‘मालमत्ता’ या एका रकान्यात जातं. मोजणाऱ्याने निदान मोजलं, म्हणून ते कळलं.

समग्रतावाद्यांचा एक दोषही सांगितला पाहिजे. ‘सगळ्यालाच सगळं कारण आहे’ असं म्हटलं की कुणालाच जबाब द्यावा लागत नाही. जागतिकीकरण, हवामान, बाजार, समाजाची रचना यांवर परिसंवाद झाला आणि जेवणं उरकली, तरी रात्री एकटा बसलेल्या माणसाकडे कोण जाणार, हे ठरत नाही. श्रीलंकेत नेमकं उलटं झालं. तिथल्या सरकारने लोक जीव का देतात याचं कोडं सुटायची वाट पाहिली नाही. १९९५ नंतर टप्प्याटप्प्याने सर्वांत विषारी कीटकनाशकं बाजारातून काढली. दोन दशकांत आत्महत्यांचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आला. इतका कोरडा, इतका ‘संकुचित’ उपाय, आणि त्याने वाचवलेले जीव हजारोंनी. बहुतेकांच्या बाबतीत ती घडी टळली की माणूस जगतो, हे त्यातून दिसलं. न्यूनीकरणवादाला नावं ठेवताना मी हे उदाहरण विसरू शकत नाही.

२०१२ चा दुष्काळ, २०१४ ची गारपीट आणि मग पुन्हा कोरडी वर्षं. २०१५ मध्ये राज्याने यवतमाळ आणि उस्मानाबाद हे दोन जिल्हे निवडून बळीराजा चेतना अभियान सुरू केलं, गावपातळीवर समित्या बसवल्या. त्याच वर्षी १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला. तो आरोग्य खात्याचा. आशाताईंनी शेतकऱ्यांच्या घरी जायचं, प्रश्नावली भरायची, ताण सौम्य, मध्यम की तीव्र ते ठरवायचं आणि गरज वाटली तर प्राथमिक आरोग्य केंद्राकडे किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं.

आशाताई गावातलीच, कुणाची तरी सून. तिचं नेहमीचं काम लसीकरण आणि बाळंतपणं. आता तिला सासऱ्याच्या वयाच्या माणसाला विचारायचं होतं, झोप लागते का, भूक लागते का, जगण्यात रस वाटतो का. समोरचा ‘पाऊस पडल्यावर लागंल की झोप’ असं म्हणाला, तर तिने कोणत्या रकान्यात खूण करायची? त्याचं उत्तर लक्षण म्हणून नोंदवायचं, की हवामानाची बातमी म्हणून? त्याच्या दृष्टीने दोन्ही एकच होतं. पण प्रश्नावलीला हसणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की सासऱ्याच्या वयाच्या त्या माणसाला ‘तुम्हाला कसं वाटतंय’ असं याआधी सरकारच्या वतीने कुणी विचारलं नव्हतं. शिवाय आशाताईला त्या घरात कालपासून चूल पेटली नाही हे न विचारता माहीत असतं. कागद भरताना ती सौम्य-मध्यम-तीव्र लिहिते आणि उठताना घरातल्या बाईच्या कानात दुसरंच काही सांगून जाते.

गावातल्याच माणसांना तयार केलं तर काय होतं, याचा पडताळा अमरावती जिल्ह्यात मिळाला. ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमात ३० गावांत स्थानिक कार्यकर्ते आधी लोकांत मिसळले, मग समुपदेशन आणि त्यापुढे गरजेपुरता डॉक्टर. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गोळी, गप्पा आणि गाव अशा तिन्ही थरांवर एकाच वेळी काम झालं तेव्हा. अमेरिकन डॉक्टर जॉर्ज एंगेलने १९७७ मध्ये शरीर, मन आणि समाज असं तिहेरी सूत्र मांडलं होतं. वैद्यकीय महाविद्यालयांत ते परीक्षेपुरतं पाठ होतं. अमरावतीच्या गावांत ते पायी फिरलं.

२०२३ मध्ये मराठवाड्याचे तेव्हाचे विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी सुमारे दहा लाख शेतकरी कुटुंबांचं सर्वेक्षण करून घेतलं. लाखाहून अधिक शेतकरी टोकाच्या ताणाखाली असल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. असे आकडे आले की समुपदेशन केंद्रांची मागणी होते, आणि ती रास्तच आहे. केंद्रेकरांची शिफारस मात्र वेगळी होती : पेरणीआधी शेतकऱ्याच्या हातात एकरी दहा हजार रुपये द्या. मनाचा ताण मोजून उपाय खताबियाण्याचा सुचवणं हे मानसशास्त्राच्या पुस्तकात शिरणार नाही. तुळजापूरच्या अहवालाशी मात्र ते नीट जुळतं, कारण पेरणीच्या आठवड्यात हातात असलेले पैसे ही एक न संपलेली वाट असते.

पात्र-अपात्रतेचा शेरा आजही माणूस गेल्यावरच मारला जातो. जिवंत माणसासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं, आणि पलीकडून सातबारा मागत नाहीत. स्वतःसाठी लावा किंवा ज्याची काळजी वाटते त्याच्याजवळ बसून लावून द्या.